लिगामेंट तुटले म्हणजे शस्त्रक्रिया ठरली का?

यात्रांचा आणि स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातून गुडघ्याचे रुग्ण वाढू लागतात, हे मी फिजिओथेरपीच्या व्यवसायात दरवर्षी पाहतो. त्यांत आखाड्यातले पैलवान आणि कबड्डी खेळणारी मुले असतात, तसेच दुचाकीवरून घसरलेले, नाहीतर भाताच्या बांधावरून जाताना पाय मुरगळलेले लोकही असतात. बहुतेकांच्या पिशवीत एमआरआयची फिल्म असते, रिपोर्टवर ‘एसीएल कम्प्लीट टेअर’, म्हणजे गुडघ्यातले एसीएल हे लिगामेंट (हाडाला हाड बांधून ठेवणारा चिवट पट्टा) पूर्ण तुटले, असे लिहिलेले असते आणि सोबत आलेल्या भावाचा किंवा काकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “ऑपरेशन करायलाच पायजे काय हो?” या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणाऱ्याकडे, मग तो सर्जन असो, फिजिओ असो की तालमीतला वस्ताद, मी थोड्या संशयाने पाहतो. काय तुटले आहे एवढेच रिपोर्ट सांगतो. तो गुडघा चालताना, वळताना, ओझे उचलताना दगा देतो की नाही, हे त्यात लिहिलेले नसते, आणि उपचार मुख्यतः त्यावरच ठरतो.

गुडघ्याला आधार देणारी लिगामेंट प्रामुख्याने चार असतात. आतल्या बाजूला एमसीएल, बाहेरच्या बाजूला एलसीएल, आणि सांध्याच्या पोटात एकमेकांना छेदून जाणारी दोन, पुढचे एसीएल व मागचे पीसीएल. यांपैकी कोणते दुखावले आहे यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. एमसीएल सांध्याच्या बाहेर असून त्याला रक्तपुरवठा चांगला मिळतो, त्यामुळे ते एकटेच तुटलेले असेल तर बिजागरीचा ब्रेस आणि व्यायाम यांवर ते बहुतेक वेळा काही आठवड्यांत भरून येते. दुचाकीच्या किंवा मोटारीच्या अपघातात नडगीवर पुढून आदळा बसून तुटणारे पीसीएलही, सोबत दुसरी इजा नसेल तर, पुष्कळदा शस्त्रक्रियेविना निभावते. खरा पेच एसीएलचा आहे. ते नडगीच्या हाडाला पुढे सरकू देत नाही आणि पाय रोवून अंग वळवताना गुडघ्याला बसणारा पीळ आवरून धरते. ते सांध्याच्या आत असल्याने तुटलेल्या टोकांमध्ये साकळलेले रक्त तिथे टिकत नाही, सांध्यातल्या द्रवाने ते विरघळून जाते, आणि टोके जुळून येण्यासाठी लागणारा पायाच तयार होत नाही.

“एसीएल कधीच जुळत नाही” हे वाक्य मात्र आता पूर्वीइतक्या ठामपणे उच्चारता येत नाही. ऑस्ट्रेलियातील एका गटाने २०२३ मध्ये ८० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यात गुडघा ९० अंशांत वाकवून ४ आठवडे ब्रेसमध्ये ठेवला आणि नंतर तो हळूहळू मोकळा केला, तेव्हा ३ महिन्यांनी काढलेल्या एमआरआयमध्ये ९० टक्के रुग्णांत लिगामेंट जुळून येत असल्याच्या खुणा दिसल्या. त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, एवढे दिवस पाय वाकवून ठेवल्याने शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो आणि हा उपचार इजा ताजी असतानाच सुरू करावा लागतो. म्हणून घरच्या घरी ओढणीने पाय बांधून हा प्रयोग कोणी करू नये, असे मी आवर्जून लिहितो.

इजा होते त्या क्षणाचे वर्णन पैलवान आणि गृहिणी जवळजवळ सारखेच करतात. पाय जमिनीवर रोवलेला, अंग वळलेले, आत काहीतरी ‘कट्’ झाल्याचा आवाज किंवा भास, आणि काही तासांतच टम्म झालेला गुडघा. इतक्या लवकर आलेली सूज म्हणजे सांध्यात रक्त उतरले असण्याची शक्यता मोठी, आणि त्यामागे एसीएल हे सर्वांत नेहमीचे कारण असते. पहिल्या दोन-तीन दिवसांत फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे, दिवसातून काही वेळा, फार घट्ट नसलेली इलॅस्टिक पट्टी, झोपताना टाच उशीवर ठेवून पाय छातीपेक्षा वर, आणि चालण्यासाठी कुबडी, एवढे केले तरी पुष्कळ होते. गरम पाण्याचा शेक आणि तेलाचे मालीश या दोन्ही गोष्टी त्या दिवसांत टाळाव्यात, कारण त्यांनी सूज वाढते.

आमच्या भागात अशा वेळी प्रथम हाडवैद्याकडे जाण्याची रीत जुनी आहे, आणि मुरगळलेल्या पायाला त्यांच्याकडून आराम मिळालेली माणसे मला पुष्कळ भेटतात. परंतु फाटलेले लिगामेंट ओढून किंवा चोळून ‘बसवता’ येत नाही. लेप लावून बांबूच्या पट्ट्यांत महिनाभर जखडलेला गुडघा जेव्हा उघडतो, तेव्हा मांडीचा स्नायू निम्मा झालेला असतो आणि गुडघा ना पुरता सरळ होतो ना पुरता वाकतो. मग लिगामेंट राहते बाजूला आणि आमचे पहिले दोन महिने सांधा मोकळा करण्यातच जातात. दोष केवळ हाडवैद्यांचा आहे असेही नाही. एक्स-रे काढून “हाड शाबूत आहे, काही झालेले नाही” असे सांगून गोळ्या देऊन घरी पाठवलेले रुग्णही मी तितकेच पाहिले आहेत. एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही. हाडाचा तुकडा निघाला आहे का हे पाहण्यासाठी तो काढायचा असतो, आणि तो चांगला आला म्हणून गुडघा चांगला आहे असे ठरत नाही.

एका बाबतीत मात्र एक्स-रे, एमआरआय, फिजिओ यांपैकी कशाचीही वाट पाहू नये. दुचाकीच्या जबर अपघातात किंवा उंचावरून पडल्यावर गुडघाच निखळला असेल, जरी तो आपोआप जागेवर बसला असला तरी, गुडघ्यामागची मुख्य रक्तवाहिनी दुखावलेली असू शकते. पाऊल गार पडणे, पांढुरके दिसणे, बधिर होणे, घोट्याजवळची नाडी न लागणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच तासाला मोठ्या रुग्णालयाकडे निघावे. तिथे प्रश्न लिगामेंटचा उरत नाही, पाय वाचवण्याचा असतो, आणि हाताशी जेमतेम सहा-आठ तास असतात.

ताजी सूज ओसरली की तपासणीला खरा अर्थ येतो. रुग्णाला उताणे झोपवून, गुडघा २०-३० अंश वाकवून, एका हाताने मांडी धरायची आणि दुसऱ्या हाताने नडगी वर ओढायची. या चाचणीला लॅकमन म्हणतात. शाबूत गुडघ्यात नडगी जराशी हलते आणि दोरीला ताण बसावा तशी खटकन थांबते. एसीएल गेलेल्या गुडघ्यात ती वर येतच राहते आणि शेवट मऊ लागतो. मी नेहमी आधी चांगला पाय तपासतो, कारण काही माणसांचे सांधे उपजतच सैल असतात आणि तुलना त्या माणसाच्याच दुसऱ्या पायाशी करायची असते. ही चाचणी नीट केली तर एमआरआयआधीच पुष्कळसे उत्तर मिळते. एमआरआयचा मोठा उपयोग सोबतच्या इजा शोधण्यासाठी होतो, विशेषतः दोन हाडांमधल्या कूर्चेच्या गादीसाठी, म्हणजे मेनिस्कससाठी. त्या गादीचा फाटलेला तुकडा मध्ये अडकून गुडघा सरळच होत नसेल, तर निर्णय लांबवण्यात अर्थ नसतो आणि शस्त्रक्रिया लवकर करावी लागते.

आता मूळ प्रश्न. केवळ एसीएल तुटले आहे, गादी ठीक आहे, तर काय करावे? याचे जगभरातले पुरावे मी माझ्या रुग्णांना सांगतो, कारण ते दोन्ही बाजूंचा उत्साह थोडा आवरतात. स्वीडनमध्ये १२१ तरुण, सक्रिय रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाची शस्त्रक्रिया लवकर केली, दुसऱ्या गटाला आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दुखणे आणि हालचाल यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता, आणि पाच वर्षांनी पाहिले तेव्हा व्यायामाच्या गटातील जवळपास निम्म्यांवर शस्त्रक्रिया झालेलीच नव्हती. नेदरलँड्समधील १६७ रुग्णांच्या अभ्यासातही, जो २०२१ मध्ये आला, व्यायामाच्या गटातील निम्मे लोक शस्त्रक्रियेविना राहिले. परंतु ब्रिटनमध्ये ३१६ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चित्र वेगळे निघाले. तिथले रुग्ण ताज्या इजेचे नव्हते. इजा जुनी होऊनही गुडघा डळमळतच असलेले ते लोक होते, आणि दीड वर्षाने शस्त्रक्रियेच्या गटाची प्रकृती स्पष्टपणे सरस होती.

हे तीन अभ्यास एकमेकांना खोडत नाहीत, असे माझे मत आहे. ताज्या इजेत तीन महिने मनापासून व्यायाम करून पाहण्यात बहुतेकांचे नुकसान नाही. पण तेवढे करूनही गुडघा सटकत राहिला, तर “बघू अजून” म्हणत वर्षे काढण्यात नुकसान आहे, कारण प्रत्येक सटकण्यात मेनिस्कसवर नवा घाव बसू शकतो. आमच्याकडे नेमके उलटे घडते. धास्तावलेले लोक पहिल्या आठवड्यातच टेबलावर जायला तयार होतात, आणि ज्यांना खरोखर गरज आहे ते पुढची सुगी, मग घरातले लग्न, मग मुलांची शाळा असे करत तीन वर्षे ढकलतात.

व्यायाम म्हणजे नुसता पाय वर-खाली करणे, असा समज असेल तर तो इथेच सोडावा. सुरुवात मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघा पूर्ण सरळ करण्यापासून होते. मग टाच सरकवत गुडघा वाकवणे, सरळ पाय उचलणे, भिंतीला पाठ लावून अर्धी बैठक, पायरी चढणे-उतरणे, एका पायावर तोल सांभाळणे, मांडीच्या मागच्या स्नायूंना बळकटी, आणि अखेरीस उड्या व दिशा बदलणे, असा तो चढता क्रम असतो. मांडीचा मागचा स्नायू नडगीला मागे खेचतो, म्हणजे एसीएलचे काम काही अंशी तोच करतो, त्यामुळे त्याच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

खानापूर तालुक्यातील एक शेतकरी बाई माझ्याकडे येत होत्या. रोप लावणीत चिखलात पाय रुतला, अंग वळले आणि एसीएल गेले. त्यांची चिंता खेळाची नव्हती. “खाली बसायला येईल न्हवं?” एवढेच त्या विचारत. सरळ रेषेत खाली बसणे-उठणे एसीएलवाचून पुष्कळांना जमते. तिथे आडवी येते ती सूज, आखडलेला सांधा किंवा फाटलेली गादी. धोका असतो तो चिखलात रुतलेल्या पायावर वळण्याचा. आम्ही त्यांना पाय आधी उचलून मग वळण्याची सवय लावली, मांडीचे दोन्ही स्नायू तयार केले, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या शस्त्रक्रियेविना शेतात उतरल्या. त्याच सुमारास कबड्डी खेळणारा एक विशीतला मुलगा येत असे. त्याने व्यायाम त्यांच्यापेक्षा अधिक नेटाने केला होता. चालणे, जिना, दुचाकी, सारे ठीक होते, पण चढाईत एका पायावर झटका देऊन वळताच गुडघा निसटे. त्याला खेळ सोडायचा नव्हता, म्हणून त्याला शस्त्रक्रियेचा सल्ला मीच दिला. दोघांचे एमआरआय रिपोर्ट शेजारी ठेवले असते तर कोणाला शस्त्रक्रिया लागेल हे त्यांवरून सांगता आले नसते.

शस्त्रक्रिया ठरली, तरी ती सुजलेल्या आणि आखडलेल्या गुडघ्यावर घाईने करून घेऊ नये. सूज उतरावी, गुडघा पूर्ण सरळ व्हावा, मांडीचा स्नायू पुन्हा आवळता यावा, यासाठी साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. तसे न करता घाई केली तर नंतर सांधा कायमचा आखडण्याचा संभव वाढतो. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते. तुटलेले लिगामेंट सहसा शिवले जात नाही, त्याच्या जागी शरीरातलीच दुसरी दोरी, म्हणजे ग्राफ्ट, हाडांत बोगदे पाडून बसवली जाते आणि बटण किंवा स्क्रूने पक्की केली जाते. ग्राफ्ट कुठून घ्यावा हा सर्जनचा विषय असला तरी रुग्णाने त्यावर बोलावे. मांडीच्या मागच्या स्नायूच्या शिरा (रक्ताच्या नव्हेत, स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, म्हणजे टेंडन) घेण्याची पद्धत आपल्याकडे सर्वाधिक रूढ आहे. गुडघ्याच्या वाटीखालची शीर हाडाच्या तुकड्यांसह घेतली तर ती हाडात लवकर मुरते, पण नंतर गुडघे टेकून बसताना पुढच्या बाजूला दुखण्याची तक्रार राहू शकते. ज्याला मॅटवर तासन् तास गुडघ्यांवर राहावे लागते अशा पैलवानाने आणि नमाज पढणाऱ्या व्यक्तीने ही गोष्ट आधीच सांगावी. वाटीच्या वरची जाड शीर आणि घोट्याजवळची पेरोनियस ही शीर हेही पर्याय वापरले जातात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांत हाडांच्या वाढीच्या पट्ट्या अजून उघड्या असतात, तिथे तंत्र वेगळे लागते आणि अशा शस्त्रक्रियांचा सराव असलेला सर्जनच शोधावा.

घरी आल्यानंतर जवळजवळ प्रत्येक घरात मला एकच दृश्य दिसते. गुडघ्याखाली मऊ उशी. त्याने बरे वाटते हे खरे, पण गुडघा किंचित वाकलेलाच राहतो आणि शेवटचे पाच-दहा अंश सरळ होणे अडून बसते. उशी टाचेखाली ठेवावी आणि गुडघा अधांतरी सोडावा. रात्री दुखेल, आजी ओरडेल, तरीही. वाकवणे मागाहून मिळते, सरळपणा पहिल्या काही आठवड्यांत मिळवला नाही तर पुढे लंगडणे अंगवळणी पडते. जमिनीवरचे शौचालय असलेल्या घरांत कमोडची खुर्ची शस्त्रक्रियेच्या आधीच आणून ठेवावी.

सर्वांत फसवा काळ दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यानचा असतो. दुखणे थांबलेले असते, चाल सुधारलेली असते, आणि नेमका त्याच वेळी आत बसवलेला ग्राफ्ट अशक्त असतो, कारण शरीर त्यात नव्या रक्तवाहिन्या घालून त्याची घडण बदलत असते. याच काळात मुले “एक डाव खेळून बघतो” म्हणून मैदानात उतरतात. नॉर्वे आणि अमेरिकेतील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळ पुढे ढकलला, तर ढकललेल्या प्रत्येक महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका सुमारे निम्म्याने घटतो. ऋषभ पंतचा अपघात ३० डिसेंबर २०२२ ला झाला, गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया जानेवारी २०२३ मध्ये, आणि तो स्पर्धात्मक क्रिकेटमध्ये परतला मार्च २०२४ मध्ये, जवळ देशातले उत्तमोत्तम तज्ज्ञ असताना. कुस्तीतले उदाहरण हवे असेल तर विनेश फोगट. रिओ ऑलिंपिकमध्ये २०१६ च्या ऑगस्टमध्ये तिचा गुडघा गेला आणि २०१८ मध्ये जकार्ता येथे तिने आशियाई सुवर्णपदक जिंकले. गावच्या यात्रेतल्या मैदानासाठी सहाव्या महिन्यात लंगोट कसणाऱ्यांच्या वस्तादांनी हे हिशेब लक्षात घ्यावेत. कॅलेंडरवर नऊ महिने झाले एवढेही पुरत नाही. दोन्ही पायांची ताकद आणि एका पायावरच्या उडीचे अंतर मोजून, दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के भरला पाहिजे.

औषधाच्या दुकानातला ओढून चढवायचा नी कॅप उबेपलीकडे तुटलेल्या एसीएलला फारसे काही देत नाही. पीआरपीच्या, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेटच्या, इंजेक्शनने तुटलेले लिगामेंट जुळते, असे मानण्याइतका पुरावा नाही. आणि शस्त्रक्रिया केली म्हणून पुढे गुडघ्याची झीज होणार नाही, अशी हमीही कोणी देऊ नये. एसीएलच्या इजेनंतर झिजेचा धोका दोन्ही मार्गांत वाढलेलाच राहतो, तो कमी ठेवण्यासाठी वजन आणि मांडीचे स्नायू हेच आपल्या हातात असतात.

खर्चाचा भाग आमच्या सीमाभागात थोडा गुंतागुंतीचा आहे. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, पण अशा ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी आधी सरकारी रुग्णालयाचे रेफरल लागते, आणि ते न घेता थेट खासगी रुग्णालयात दाखल झालेल्यांची नंतर धावपळ होते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि त्यावर कर्नाटक सरकारने आक्षेप घेतला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या भरवशावर कोल्हापूर किंवा मिरज गाठण्यापूर्वी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, फोन करून ही शस्त्रक्रिया आणि आपले गाव दोन्ही बसतात का, हे विचारून घ्यावे. स्क्रू व बटण यांची किंमत पॅकेजमध्ये धरली आहे की वेगळी, हेही त्याच वेळी विचारावे, कारण बिल अनेकदा तिथेच फुगते. आणि शस्त्रक्रिया कोल्हापूरला व व्यायाम गावाकडे अशी विभागणी असेल, तर डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशन नोट मागून घ्यावी. ग्राफ्ट कुठला घेतला आणि मेनिस्कस शिवला, कापला की तसाच ठेवला, हे त्यात असते. तो शिवला असेल तर साधारण सहा आठवडे गुडघा ९० अंशांपलीकडे वाकवायचा नसतो, आणि टाके किती व कुठे घातले हे आम्हाला बाहेरून पाहून कळत नाही.